घोंगडं पांघरलेला कॉम्प्युटर

साखरबाईनं कॉम्प्युटरच्या पाठीला हात लावला आणि तिची खात्री पटली. ताप होता. चांगला सणसणीत ताप होता. पोराबाळांच्या कपाळाला हात लावण्यात जिचा जन्म गेला, तिला ताप ओळखायला कुणाला विचारायची गरज नव्हती. मुलाला, दादासोला, तिनं बोलावलं नाही. बोलावून तो काय करणार होता? बटण दाबून बंद करणार आणि बटण दाबून पुन्हा सुरू करणार. कितीतरी दिवस त्याचं तेवढंच चाललं होतं. तिनं रोजच्यासारखंच दांडीवरचं काळं घोंगडं ओढलं, अंगणात नेऊन झटकलं आणि त्या उभ्या पेटीला पुढून-मागून नीट गुंडाळलं. फक्त दिव्याचा हिरवा ठिपका दिसेल एवढी फट ठेवली. कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून.

ताप आलेल्याला घोंगड्यात घालावं, घाम फुटला की उतार पडतो, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेल्या धनगराच्या घरात घोंगडं म्हणजे नुसतं पांघरूण नव्हे. देव बसतो तो घोंगड्यावर, नवरा-नवरी बसतात ती घोंगड्यावर आणि बाळंतीण निजते तीही घोंगड्यावर. तेव्हा घरातल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूला साखरबाईनं घोंगडं दिलं, यात तिचं काही चुकलं असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

आणि ती वस्तू मोलाची होतीच. कारण तिच्यात साखरबाईच्या नवऱ्याचा आवाज होता.

झालं होतं असं. दादासो बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत कामाला होता. तिथं हिशेबाला कॉम्प्युटर आले, तशी सगळ्यांची तारांबळ उडाली. घरी सराव व्हावा म्हणून त्यानं एक जुनं मशीन आणलं. अठ्ठ्याण्णव साल असेल. कऱ्हाटी गावात तेव्हा फोनच मोजक्या घरांत होते. कॉम्प्युटर बघायला वस्तीवरची माणसं यायची आणि चप्पल बाहेर काढून लांबूनच बघून जायची.

त्याच वर्षी जोतीरामआबांच्या गळ्यात गाठ निघाली. जोतीराम म्हणजे साखरबाईचा नवरा, सगळ्या गावाचा आबा. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, माणूस वाचेल, पण आवाजाची नळी काढावी लागेल. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी दादासोनं कॉम्प्युटरला बोटाएवढा माईक जोडला आणि आबांना समोर बसवून जे काय बोलायचं ते बोलायला लावलं. घरात टेपरेकॉर्डर होता. कॅसेटवर घेतलं असतं तर पुढचं एवढं रामायण घडलं नसतं, असं नंतर पुष्कळांनी ऐकवलं. लोकांना शहाणपण सुचतं ते असं, सगळं झाल्यावर.

आबा वाचले. गळ्याला पांढरं फडकं बांधून घरी आले. फडक्याखाली भोक होतं, त्यातून श्वास सूं-सूं वाजायचा. बोलणं मात्र संपलं. ज्या माणसाची हाक कऱ्हा नदीच्या पल्याड जायची, तो आता पाणी हवं असलं तरी तांब्या वाजवायचा.

तेवढंही साखरबाईनं सोसलं असतं. तिला सोसवत नव्हतं ते वेगळंच. आबा मेंढरांकडं जाईनासे झाले. एके काळी दिवाळी झाली की मोठा कळप घेऊन कोकणात उतरणारं ते घर. आता शेतीवर स्थिरावलं होतं. तरी चार मेंढरं दाराशी हवीतच म्हणून आबांनी थोडी राखली होती. पुतण्या सोपान ती चारून आणायचा आणि दुपारी पाण्याला अंगणात सोडायचा. मेंढरं अंगणात यायची, पडवीत बाजेवर पडलेले आबा भिंतीकडं तोंड करायचे. एकदा साखरबाईनं विचारलं, "अवं, बघा तरी त्यांच्याकडं. तुमी आजारी असताना रोज तुमची वाट बघत हुती." आबांनी गळ्याच्या फडक्याकडं बोट केलं आणि पाठ फिरवली. हाक मारता येत नाही तर कुठल्या तोंडानं जाऊ, असं ते बोट म्हणालं. त्या दिवशी साखरबाई चुलीपुढं बसून खूप रडली. आबांचं जेवण तुटलं होतं, हिंडणं तुटलं होतं. जिवंतपणी हा माणूस आपल्यातनं उठून चाललाय, हे तिला दिसत होतं. एकदा त्यांनी आपला आवाज ऐकला तर ते माघारी येतील, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आणि तो आवाज ऐकवायला कॉम्प्युटर तयार नव्हता.

सुरुवातीला नुसता संथ झाला. एक चित्र उघडायला इतका वेळ लावायचा की दादासो मधेच चहा पिऊन यायचा. मग थिजायला लागला. पडद्यावरचा बाण जिथं असेल तिथं चिकटायचा. आबांचं बोलणं लावलं की आधी खाकरण्याचा आवाज यायचा, मग आबा स्पष्ट विचारायचे, "बोलू का आता?" आणि तिथंच सगळं ठप्प. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा खाकरणं, पुन्हा "बोलू का आता?" पडवीतल्या बाजेवर आबांना ते ऐकू जायचं. आपलाच आवाज परवानगी मागतोय आणि कुणी ती देत नाही, असा तो प्रकार होता. दोन-चार वेळा ऐकून त्यांनी डोक्यावरून धोतराचं टोक ओढून घेतलं.

बारामतीतल्या एका दुकानदाराला दादासोनं विचारलं. त्यानं न बघताच सांगितलं, सगळं पुसून नव्यानं भरायचं, मशीन पहिल्यासारखं पळेल.

"आन् आबांचा आवाज?" साखरबाईनं विचारलं.

"त्योबी पुसला जाईल, आये."

"मग उपाय कसला म्हनायचा त्यो? माणूस घालवायचा आन् आजार बरा झाला म्हनायचं?"

आईशी वाद घालून दादासो कधी जिंकला नव्हता. पण त्याला योगिनीची आठवण झाली. योगिनी भवानीनगरची, वडील साखर कारखान्यात होते. पुण्याला राहून कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करून आली होती. बारामतीच्या एका क्लासमध्ये शिकवायची आणि दादासोच्या डेअरीतली मशीनं बिघडली की तिलाच बोलावणं जायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

रविवारी दुपारी ती लुनावरून आली. सडपातळ पोरगी, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, खांद्याला पिशवी. साखरबाईला वाटलं होतं, मोठा पाना घेऊन कोणी जाडजूड माणूस येईल. ही तर पाणी देताच "मावशी, बसा की" म्हणून तिलाच बसवायला लागली.

योगिनी खोलीत आली आणि दारातच थबकली. कोपऱ्यात टेबलावर काळं घोंगडं पांघरून काहीतरी बसलं होतं.

"हे काय आहे?"

"कॉम्प्युटर," दादासो ओशाळून म्हणाला.

"चालू असतानाही असाच असतो?"

"चालू आसला की तर ज्यास्तच गुंडाळते," साखरबाई पुढं झाली. "लय ताप येतो त्याला. पन घाम काय फुटंना."

योगिनी हसली नाही. हे साखरबाईनं पुढं आयुष्यभर सांगितलं, की पोरगी हसली नाही. तिनं घोंगडं दोन्ही हातांनी उचललं, घडी घातली आणि बाजूला ठेवलं. मग वीज बंद करून वायर काढली, पेटीच्या पत्र्याला बोटं टेकवून क्षणभर थांबली.

"हे आन् कशाला?" साखरबाईनं विचारलं.

"माणसाच्या अंगातही थोडी वीज असते, मावशी. आत हात घालायच्या आधी ती उतरवून टाकायची."

साखरबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. त्या हातांनी शेणी थापल्या होत्या, मेंढरांची बाळंतपणं केली होती. त्यांच्यातही वीज होती म्हणे. तिनं हळूच ते पदराखाली घेतले.

योगिनीनं स्क्रू काढले, पत्रा सरकवला आणि पेटीचं पोट उघडं झालं.

आत काय असेल याचा साखरबाईनं पुष्कळ विचार केला होता. तिच्या मनात टेपसारखी चाकं होती, फिती होत्या, निदान एखादी कर्ण्यासारखी वस्तू तरी होती. आत त्यातलं काहीच नव्हतं. हिरवी पाटी होती. तिच्यावर केसाएवढ्या बारीक रेषा इकडून तिकडं गेल्या होत्या, कुठं वळत होत्या, कुठं शेजारी शेजारी चालत होत्या, आणि एकही दुसरीच्या अंगावर चढली नव्हती. काळ्या चिपा होत्या, चांदीचे ठिपके होते. गावच्या गाव वरून दिसावं तसं दिसत होतं, पण माणूस कुठंच नव्हता. साखरबाईच्या अंगावर काटा आला. हे कुणीतरी हातानं केलं असेल? बसून? डोळ्यांनी बघून?

"ह्यात ह्यांचा आवाज कुठशी हाय?" तिनं विचारलं. आपोआप तिचा स्वर बारीक झाला होता.

योगिनीनं एका चपट्या लोखंडी डबीवर बोट ठेवलं. पंचपाळ्याच्या झाकणाएवढी डबी, चारी बाजूंनी बंद. "इथं."

"एवढ्यात?"

"एवढ्यात. आणि अजून भरपूर जागा आहे."

साखरबाई खाली बसली. जी हाक ऐकून डोंगराच्या पोटातली मेंढरं माघारी वळायची, कोकणातनं परतताना जिच्या जोरावर तिनं अंधाऱ्या वाटा चालल्या, ती या डबीत कशी मावली? आणि मावली तर गप्प कशी राहिली? डबीला कान लावला तर ऐकू येईल का, असं विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. तिनं विचारलं नाही. तिनं नुसता लांबूनच नमस्कार केला.

"आणि आजार हा आहे," योगिनी म्हणाली आणि टॉर्च आत वळवली.

पाटीच्या मधोमध एक छोटा पंखा होता. पंखा कसला, काळ्या लोकरीचा बोंडाएवढा गोळा. घोंगड्याचे तंतू हवेबरोबर आत ओढले गेले होते आणि पंख्यानं फिरत फिरत ते स्वतःभोवती गुंडाळून घेतले होते. चरख्याच्या चातीवर सूत चढावं तसं पद्धतशीर. शेवटी त्यालाच हलता येईना.

"या पंख्याखाली जो तुकडा आहे ना, तो विचार करतो," योगिनीनं सांगितलं. "विचार करताना तो तापतो. पंखा त्याला वारा घालतो. पंखा अडला की हा आधी मंदावतो, मग थांबतो. बाहेरून घोंगडं असल्यावर तर वाराच नाही. माणसाला घाम फुटतो, मावशी, याला फुटत नाही. एवढाच फरक."

साखरबाईनं घोंगड्याच्या घडीकडं पाहिलं. "म्हंजी मीच त्याचा जीव कोंडला?"

"आये, मी तुला शंभरदा..." दादासोनं तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा," योगिनी म्हणाली. "तुमच्यासमोर रोज घोंगडं होतं की. तुम्ही तरी कुठं काढलंत?"

आज दोन-दोन बायका होत्या, दादासोचा काही इलाज नव्हता.

योगिनीनं चिमट्यानं लोकर सोडवायला घेतली. जपून, एकेक तंतू, कुठं काही तुटू नये म्हणून. निघालेला गोळा तिनं साखरबाईच्या तळहातावर ठेवला. साखरबाई तो घेऊन पडवीत गेली आणि काही न बोलता आबांच्या हातात दिला. आबांची बोटं आपसूक हलली. त्यांनी गोळा चिमटीत धरला, थोडा पिळला, त्याचा दोरा ओढला. आपल्याच मेंढीची लोकर. ते कुशीवर वळले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी भिंत सोडून खोलीच्या दाराकडं पाहिलं.

आत योगिनीनं ब्रशनं धूळ झाडली, पंखा बोटानं फिरवून बघितला, पेटी भिंतीपासून लांब सरकवली. "पत्रा थोडा वेळ उघडाच राहू दे," म्हणाली आणि वीज दिली.

पंखा फिरला. इतका बारीक आवाज की कान द्यावा लागत होता. पडद्यावर अक्षरं धावली, मग रंग आले. दादासो सवयीनं चहाकडं वळणार तेवढ्यात सगळी चित्रं जागेवर आली होती. त्यानं बाण हलवून पाहिला. बाण हलला. त्यानं उगाचच तो चारी कोपऱ्यांत फिरवून आणला आणि लहान पोरासारखा हसला.

"लावा आबांचं," योगिनी म्हणाली.

खाकरणं आलं. साखरबाईनं डोळे मिटले.

"बोलू का आता?"

इथंच तर सगळं थिजायचं. पेटीत पंखा फिरत होता.

"बोला की, आबा," दादासोचाच आवाज आला, पेटीतनं. आणि मग आबा बोलायला लागले.

काय नव्हतं त्यात! पहिल्यांदा देवाचं नाव झालं, मग ओवी. मग कोकणातल्या वाटा, कुठल्या खिंडीत वारं लागतं, कुठल्या पाणवठ्याला मेंढरू सोडायचं नाही. मधेच साखरबाईची थट्टा, "ही बया भाकरी करपवती आन् चुलीला शिव्या देती." साखरबाई रडता रडता हसली. घरातली सगळी हवा भरून गेली होती. जो आवाज डॉक्टरांनी कापून काढला, तो इथं अख्खाच्या अख्खा होता. त्यातला खरखरीतपणा होता, वाक्य संपताना नाकात घेतलेला श्वास होता, काही म्हणजे काही गळालं नव्हतं. तिला भीती वाटली आणि आनंदही झाला, आणि दोन्ही एवढे मोठे होते की तिला वेगळे करता येईनात. बाजेवर आबा उठून बसले होते. तोंड अर्धवट उघडं. स्वतःचा आवाज माणूस कधी असा बाहेरून ऐकतो?

पेटीतला दादासो म्हणाला, "आबा, मेंढरांना हाक मारता ती मारा की."

"न्हाय. आशी घरात बसून हाक मारायची नसती."

"का?"

"का म्हंजी? खोटी हाक मारायची न्हाय कवा. हाक मारली की मेंढरू येनार. आलं की त्याला आपुन हुबं दिसाय पायजे. न्हाय तर पुढच्या वक्ताला त्यानं कुनावर इस्वास ठेवायचा?"

"एकदाच, आबा. परत न्हाय मागनार."

पेटीत शांतता पसरली. त्या शांततेत उद्याचं पुणं होतं, हे आता ऐकताना सगळ्यांना कळलं. मग आबांनी जीभ टाळूला लावून लांब कंप काढला आणि त्याच्या टोकाला ती हाक सोडली, वर चढत जाणारी, शेवटी वळून माघारी येणारी. स्पीकरचे पत्रे थरथरले. योगिनी दचकून मागं सरली.

अंगणात सोपाननं नुकतीच मेंढरं पाण्याला सोडली होती. हौदावरनं त्यांची तोंडं एकदम वर झाली. ओल्या तोंडांनी ती क्षणभर उभी राहिली. मग पुढची ओरडली, आणि सगळी वळली. सोपान "अरं, अरं" म्हणेपर्यंत त्यांनी अंगण ओलांडलं होतं. पडवीच्या पायरीवर खुरांचा खडखडाट झाला. मेंढरं पायरीशीच दाटली. ओरडत होती, माना उंचावून आत बघत होती. हाक आली होती, हाक मारणारा उभा दिसत नव्हता.

साखरबाई बघतच राहिली. डबीतल्या आवाजाला मेंढरांनी ओळखलं होतं. तिनं आबांकडं पाहिलं.

आबांचे दोन्ही हात बाजेच्या काठाला आवळले होते. गळ्यातला श्वास जोरात वाजत होता. ते मेंढरांकडं पाहत होते, आणि मेंढरं खोलीच्या दाराकडं. पुढची मेंढी आणखी एकदा ओरडली.

आबा उभे राहिले. भिंतीला हात न लावता. फडकं सावरलं आणि पडवीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

मेंढरांचं ओरडणं थांबलं. खोलीत पेटी अजून बोलत होती, "आता जायला लागतंय बाहीर, बघ, मारली ना हाक," पण तिकडं एकाही मेंढरानं मान वळवली नाही. ती सगळी आबांच्या पायांशी भिडली. एकीनं मान वर करून त्यांच्या गळ्याच्या फडक्याचा वास घेतला आणि तिथंच नाक टेकवून ठेवलं. आबांनी तिला दूर केलं नाही. त्यांचे खांदे हलायला लागले.

दादासो पुढं होणार होता, साखरबाईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं. ती आत गेली, सुपात मूठ-दोन मूठ बाजरी घेतली आणि नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली. डोळे पुसायचं तिला भान नव्हतं. आवाज मात्र नेहमीसारखाच चढा होता.

"धरा," ती म्हणाली. "हाक मारलीया तुमी. आता रिकाम्या हातानं हुबं ऱ्हाताय व्हय?"